वेर्नात्सा की कादाकेस? भूमध्य समुद्राकाठी एकाच गावी राहायचं असेल तर

दोन्ही गावांत मला सगळ्यात आधी ओळखीचा वाटला तो गडगा. माझं आजोळ गुहागरकडचं. तिथे आवाराभोवती चिरे नाहीतर धोंडे नुसते एकावर एक रचून भिंत घालतात. मध्ये चुना नाही, सिमेंट नाही. इटलीत वेर्नात्साच्या डोंगरउतारावर आणि स्पेनमध्ये कादाकेसच्या माळावर तसेच गडगे नजर पोचेल तिथवर दिसतात. वेर्नात्सात त्यांतल्या कितीतरी गडग्यांची अजून डागडुजी होते, त्यांच्या आधाराने द्राक्षवेली उभ्या आहेत. कादाकेसला गडगे आहेत, पण वेली गेल्या त्याला सव्वाशे वर्षांहून जास्त काळ लोटला. तिथे आता झुडपं, कातळ आणि वारा. एक गाव माणसांनी धरून ठेवलेल्या डोंगराचं, दुसरं वाऱ्याने कोरलेल्या दगडाचं. कुठे जायचं याचा निवाडा मी तरी यावरच करते.

आईला घेऊन मी दोन्हीकडे राहून आले, वेर्नात्साला एप्रिलअखेर आणि कादाकेसला सप्टेंबरअखेर. तेव्हापासून नात्यातल्या आणि ऑफिसातल्या पाच-सहा जणांनी तरी विचारलं, की रोम किंवा बार्सिलोना करणारच आहोत, त्यातून चार-पाच रात्री काढून समुद्राकाठच्या एका लहान गावी राहायचंय, तर कुठलं? एका शेंगेन व्हिसावर दोन्ही देश होतात हे खरं. पण अर्ज करायचा तो ज्या देशात जास्त रात्री राहणार त्या देशाकडे, त्यामुळे हे आधीच ठरवून टाकलेलं बरं. आणि चार रात्रींत दोन्ही गावं करायला जाऊ नका. एकाचंही काही हाती लागणार नाही.

गाव बसलंय कसं

सह्याद्रीचा कडा उतरला की समुद्र गाठेपर्यंत आपल्याला चाळीस-पन्नास किलोमीटरचं कोकण लागतं. वेर्नात्सा ज्या प्रांतात आहे त्या लिगुरियाच्या या भागात ते मधलं कोकणच नाही असं समजा. डोंगर सरळ पाण्यात उतरतो. मोंतेरोस्सो, वेर्नात्सा, कॉर्निल्या, मानारोला आणि रिओमाज्जोरे ही पाच गावं त्या उतारावर जिथे जरा खाच सापडली तिथे वसली आहेत; त्यांनाच मिळून चिंक्वे तेर्रे म्हणतात. पाचांत नैसर्गिक बंदर एकट्या वेर्नात्साला. खडकाचा एक सुळका समुद्रात घुसलाय, त्याच्या आडोशाला थोडंसं पाणी शांत राहतं, त्या पाण्याला लागून चौक आणि चौकाच्या कडेला सांता मार्गारिता चर्च. १३१८ सालच्या नोंदीत या चर्चचा उल्लेख सापडतो. ते इतकं पाण्यालगत आहे की समुद्र खवळलेला असताना आत बसलं तर लाट भिंतीवर आपटल्याचा आवाज येतो. सुळक्यावर जुना बुरूज. घरं उंच, चार-पाच मजली, गेरूच्या नि हळदीच्या रंगाची, एकमेकांना चिकटून. बंदरापासून स्टेशनाकडे एकच मुख्य रस्ता चढत जातो, आणि त्या रस्त्याच्या पोटातून ओढा वाहतो. ओढा वरून झाकून रस्ता केलाय. या ओढ्याकडे पुढे परत यायचं आहे.

कादाकेसची मांडणी अगदी वेगळी. पायरेनीज पर्वतरांग अटलांटिकच्या बाजूने निघून जिथे भूमध्य समुद्रात बुडते, ते शेवटचं टोक म्हणजे काप दे क्रेउस भूशिर. स्पेनच्या मुख्य भूमीचा हाच सगळ्यात पूर्वेकडचा बिंदू. मुख्य भूमीवर सूर्य पहिल्यांदा दिसतो तो इथे. कादाकेस या भूशिराच्या दक्षिण अंगाला, समुद्राने आत घेतलेल्या एका रुंद बाकात वसलंय. घरं पांढरी, बुटकी, त्यांच्या डोक्यावर पांढरं चर्च आणि पाठीमागे पेनी नावाचा सहाशे मीटरचा डोंगर आडवा. या डोंगराने गावाला मागच्या मुलखापासून इतकं तोडून टाकलं होतं की रस्ता होईपर्यंत त्याचा सगळा व्यवहार समुद्रावरून चाले. आजही रोझेस गावाहून येणारा सतराएक किलोमीटरचा रस्ता म्हणजे नागमोडी घाट आहे. ज्यांना गाडी लागते त्यांनी बसमध्ये पुढची जागा धरावी. आईने डोळे मिटून घेतले होते, ते शेवटच्या वळणाला गाव दिसल्यावरच उघडले.

वेर्नात्सात तुम्ही घळीत असता. वर बघितलं की दोन उतारांच्या मधला आकाशाचा पट्टा, समोर बंदराएवढाच समुद्र. कादाकेसला सगळं उघडं आहे. बंद बंद वाटणाऱ्यांना वेर्नात्सा दोन दिवसांनी कोंडल्यासारखं होऊ शकतं. मला उलट ती घळ उबदार वाटली.

दगड

या बाबतीत कादाकेस फार पुढे आहे, आणि दगडांची थोडीशी जरी आवड असेल तर निवड इथेच संपते.

वेर्नात्साच्या आसपास डोंगरात बराचसा वालुकाश्म आहे. सुमारे अडीच कोटी वर्षांपूर्वी समुद्रतळाशी साठलेली वाळू घट्ट होऊन तो बनला. करडा, थरांचा, बांधकामाला उत्तम, बघायला साधा. आपला दख्खनचा काळा पाषाण साडेसहा कोटी वर्षांचा, म्हणजे वेर्नात्साचा डोंगर आपल्या सह्याद्रीपुढे पोर आहे.

काप दे क्रेउसचा दगड या दोघांचाही आजा. तिथला काळपट खडक पाटीच्या दगडाच्या जातीचा, पापुद्र्यांचा. जमिनीखाली खोल दाबाने आणि उष्णतेने तो पिळवटून निघाला, आणि सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी त्याच्या भेगांत वितळलेला दगड घुसून थंड झाला. त्याला पेग्मटाइट म्हणतात. काळ्या खडकात पांढऱ्या-पिवळसर पेग्मटाइटच्या शिरा अशा पळतात की कणकेत तूप लावून घडी घालावी, पुन्हा लाटावी, पुन्हा घडी घालावी. जवळ गेलं तर त्या शिरांत अभ्रकाचे चकचकीत पापुद्रे, गारगोटी आणि टूर्मलिन या खनिजाच्या काळ्या कांड्या नुसत्या डोळ्यांनी दिसतात.

मग येतो वारा आणि मीठ. लाटांचे तुषार दगडावर वाळतात, मिठाचे स्फटिक बारीक छिद्रांत वाढून कण सुटे करतात, वारा ते उडवून नेतो. असं युगानुयुगं झालं की खडकाला मधाच्या पोळ्यासारखी भोकं पडतात, मग ती मोठी होऊन पोकळ्या बनतात. तुदेला या भागात अशा एका पोकळीत मी खांद्यापर्यंत हात घातला. बाहेरचा दगड सप्टेंबरच्या उन्हात तापलेला होता, आत गार. कडा इतकी पातळ की नखाने टिचकी मारली तर खापराच्या मडक्यासारखी वाजली. तळाशी चिमूटभर रवाळ पांढरी भुकटी होती, दगडाचीच. बोटं जिभेला लावली तर खारट.

तिथल्या कोळ्यांनी या खडकांना फार पूर्वीपासून नावं ठेवली आहेत, उंट म्हणून, गरुड म्हणून. चित्रकार साल्वादोर दालीच्या बालपणीच्या सुट्ट्या आणि पुढचं बरंचसं आयुष्य याच किनाऱ्यावर गेलं, त्याच्या चित्रांतले ते वितळल्यासारखे आकार कुठून आले हे तुदेलात उभं राहिलं की आपोआप कळतं. याच तुदेलात १९६०च्या दशकात सुट्टीवर येणाऱ्यांसाठी सुमारे चारशे लहान घरांची एक वसाहत बांधली गेली होती. १९९८मध्ये काप दे क्रेउस निसर्गउद्यान झालं, पुढे ती जागा विकत घेतली गेली आणि २०१०च्या सुमारास सगळी वसाहत पाडून, मलबा उचलून, बाहेरून येऊन फोफावलेली झाडंझुडपं उपटून खडक पुन्हा उघडा केला. बांधलेलं सुटं करून दगड मोकळा करायला कुणी पैसा खर्च करतं, हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. जिथे घरं होती तिथून आता गंजक्या पोलादाच्या साध्या पायवाटा जातात. माहीत नसेल तर काही होतं असा संशयही येणार नाही.

गडगा

वेर्नात्साची श्रीमंती गडग्यात आहे, आणि ती समजून घ्यायला जरा वेळ द्यावा लागतो.

तिथला उतार इतका खडा आहे की नुसत्या डोंगरावर माती टिकणारच नाही. जवळजवळ हजार वर्षं माणसांनी खडक फोडला, त्याचा गडगा रचला, मागे माती भरली आणि दोन-तीन हात रुंदीची शेतं काढली. एकावर एक, पार माथ्यापर्यंत. त्यावर बोस्को, अल्बारोला आणि व्हेर्मेंतिनो या जातींची पांढरी द्राक्षं. त्यांतली काही सुकवून त्यांची शाक्केत्रा नावाची गोड वाइन करतात. खाली बंदरातून जी हिरवी नक्षी दिसते ती निसर्गाने दिलेली नाही, तो अख्खा डोंगर हाताने बांधलेला आहे. १९९७मध्ये युनेस्कोने या पट्ट्याला जागतिक वारशात घेतलं ते याचसाठी. १९९९मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, जेमतेम ३९ चौरस किलोमीटरचं, इटलीतलं सगळ्यात लहान. आणि २०१८मध्ये युनेस्कोने बिनचुन्याची दगडी भिंत रचायच्या कलेलाच अमूर्त वारसा म्हटलं तेव्हा त्या यादीत इटली आणि स्पेन दोन्ही देश होते. ही दोन गावं तिथे एकत्र आली.

वेर्नात्साहून कॉर्निल्याला जाताना वाटेत प्रेव्हो नावाची वाडी लागते. तिच्या अलीकडे एका गडग्याला खिंडार पडलं होतं आणि एक म्हातारे गृहस्थ व एक तरुण ते बुजवत होते. दगडांचे तीन ढीग: मोठे, मध्यम, बारीक. म्हातारे मध्यम ढिगातून एक दगड उचलत, हातात दोन-तीनदा फिरवत, जागेवर ठेवत, तळव्याने दाबून डुगडुगतो का बघत. डुगडुगला तर काढून बाजूला. पुन्हा तोच दगड त्याच ठिकाणी लावून बघितला असं एकदाही झालं नाही. दर्शनी दगडांचा कल आत, डोंगराकडे. त्यांच्या मागे तरुण मुलगा ओंजळीने बारीक खडी भरत होता, आणि त्याच्याही मागे माती. आई तिथे कठड्यावर टेकली आणि पंधरा मिनिटं हललीच नाही. मग मला म्हणाली, “पाठीला भर बरोबर घालतायत हो. भर नसली की पहिल्या पावसात गडगा पोट काढतो.” त्या गृहस्थांना तिचं बोलणं कळायचं कारण नव्हतं, पण तिने हाताने भिंतीचं फुगलेलं पोट करून दाखवलं तशी त्यांनी मान डोलावली आणि शेजारच्या, खरंच पोट निघालेल्या गडग्याकडे बोट केलं.

भर घालण्याचं कारण असं, की मातीत मुरलेलं पाणी खडीतून खाली उतरून दगडांच्या फटींतून वाहून जावं. सिमेंटची भिंत पाणी अडवते, मागे दाब वाढतो आणि एक दिवस सगळी एकदम जाते.

पाऊस इथे, वारा तिथे

भूमध्य हवामानाचं घड्याळ आपल्या उलट चालतं. जून ते ऑगस्ट कोरडे, पाऊस शरद ऋतूपासून पुढे हिवाळ्यात. दोन्ही गावांना हे लागू आहे, पण त्याचा फटका वेगवेगळा बसतो.

लिगुरियात ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये उन्हाळाभर तापलेल्या समुद्रावरून दमट वारा येतो आणि किनाऱ्यालगतच्या भिंतीसारख्या डोंगरावर आपटून वर चढतो. घाटात पाऊस का पडतो ते आपल्याला शिकवावं लागत नाही. २५ ऑक्टोबर २०११ला असाच पाऊस काही तासांत कोसळला. रस्त्याखालच्या त्या ओढ्यात पाणी, माती, दगड, झाडं, गाड्या सगळं एकदम आलं, झाकलेली वाट तुंबली आणि लोंढा मुख्य रस्त्यावरून बंदरापर्यंत आला. काही ठिकाणी चार मीटरपर्यंत चिखल साचला, तळमजले गाडले गेले, वेर्नात्सात तिघांचा जीव गेला. नंतरच्या अभ्यासात दिसलं की दरडी जास्त सुटल्या त्या अलीकडच्या काही दशकांत शेती सोडून दिलेल्या उतारांवरून. गडगा ढासळतो, पण त्या मातीला धरून ठेवणारं रान अजून वाढलेलं नसतं. तळिये आणि माळीण ऐकलेल्या माणसाला हे वाचून पोटात कालवतं. बंदराजवळ खडकातल्या बोगद्यातून पलीकडे गेलं की गोट्यांची एक पुळण लागते. ती त्या पुराने आणलेल्या मलब्याची आहे. वरून दगड सुटत असले तर ती बंद ठेवतात, तेव्हा अडसर ओलांडून जाऊ नका.

कादाकेसचा मालक वारा. त्रामुंताना त्याचं नाव, उत्तरेकडून येतो, ताशी शंभर किलोमीटरच्या वर सहज जातो. गंमत अशी की तो ओढून घेणारा कमी दाबाचा पट्टा बहुधा जेनोआच्या आखातावर तयार होतो, म्हणजे वेर्नात्साच्याच समुद्रावर. पायरेनीजचं टोक ओलांडताना हवा चिंचोळ्या जागेतून गेल्यासारखी वेग धरते. त्रामुंताना सुटला की आकाश लख्ख निळं, हवा इतकी स्वच्छ की लांबचा खडक हाताच्या अंतरावर वाटावा. पण भूशिराच्या दीपगृहापाशी उभं राहता येत नाही. आम्ही पाच रात्रींपैकी दोन दिवस त्यात काढले. दार उघडायला दोघी लागलो. आईला रात्री झोप आली नाही, मला मात्र ते दोन दिवस सगळ्यात जास्त आठवतात. झाडं बघितली तरी वाऱ्याची दिशा कळते. जुनिपर आणि मस्तकीची झुडपं दक्षिणेकडे विंचरल्यासारखी झुकून, जमिनीला धरून वाढलेली. रोझमेरीचा वास पायाखालून येतो. सेसेली फारेनी नावाची, ओव्याच्या कुळातली एक छोटी वनस्पती तर या भूशिराखेरीज जगात कुठेच उगवत नाही.

याच माळावर पूर्वी द्राक्षं होती हे खरं वाटत नाही. १८७९मध्ये फिलॉक्सेरा, म्हणजे वेलीच्या मुळांवरचा माव्यासारखा किडा, फ्रान्सकडून या भागात शिरला आणि पुढच्या काही वर्षांत मळे बसले. त्यांच्या जागी काहींनी ऑलिव्ह लावले, ते फेब्रुवारी १९५६च्या कडाक्याच्या थंडीने पोळले. तिथे गडगे कोसळले तरी वेर्नात्सासारखा चिखलाचा लोंढा येत नाही, कारण पाऊस कमी, माती पातळ. तिथलं भय आगीचं. वाळलेली झुडपं आणि त्रामुंताना एकत्र आले की भडका उडतो. जुलै २०२१मध्ये भूशिराच्या उत्तरेला मोठा वणवा लागला होता. म्हणून उन्हाळ्यात धोक्याच्या दिवशी काही वाटा बंद असतात.

मग जायचं कधी? वेर्नात्साला एप्रिलअखेर ते मेअखेर. गडग्यांवर रानफुलं असतात, वाटा कोरड्या असतात. ऑक्टोबर-नोव्हेंबर टाळा, आणि गेलातच तर पावसाचा इशारा असताना वाटेवर पाऊल टाकू नका; तसेही त्या दिवशी वाटा बंद करतात. कादाकेसला मे-जून किंवा सप्टेंबर. जुलै-ऑगस्ट दोन्हीकडे नको.

गुडघे

घरातली मोठी माणसं बरोबर असतील तर हा परिच्छेद दोनदा वाचा.

वेर्नात्सात मोटार येत नाही, स्टेशन गावाच्या मध्यात. जवळच्या ला स्पेत्सिया शहराहून गाडीने वीसेक मिनिटं, हंगामात तासाला दोन-तीन गाड्या. १८७४मध्ये हा रेल्वेमार्ग डोंगर पोखरून काढला. फलाटाचं एक टोक बोगद्यात आहे. हे सगळं सोयीचं. पण स्टेशन ते बंदर हा एक उतार सोडला तर बाकी गाव म्हणजे पाखाडी. खोली घेताना “किती पायऱ्या?” हे विचाराच. आमच्या खोलीला ७४ होत्या आणि हे आम्हाला पोचल्यावर कळलं. शेजारचं कॉर्निल्या समुद्रापासून शंभर मीटर उंचीवर. स्टेशनापासून वर जायला पावणेचारशेच्या आसपास पायऱ्या, नाहीतर छोटी बस. वेर्नात्सा ते कॉर्निल्या आणि वेर्नात्सा ते मोंतेरोस्सो या दोन्ही वाटा प्रत्येकी साडेतीन-चार किलोमीटरच्या, पण दीड ते दोन तास घेतात, कारण सपाटी नाहीच. हंगामात उद्यानाचं कार्ड लागतं, आणि चपला घालून वाटेवर सोडत नाहीत, बूट हवेत. ज्या वाटेचे फोटो सगळ्यात जास्त दिसतात, ती रिओमाज्जोरे ते मानारोलाची ‘प्रेमाची वाट’ सपाट आहे. २०१२मध्ये दगड कोसळून ती बंद पडली होती, २०२४मध्ये पुन्हा उघडली. आईने तीच सगळ्यात आनंदाने केली.

कादाकेसला रेल्वे नाही. बार्सिलोनाहून बस पावणेतीन तास, फिगेरेसहून तासभर. गावाच्या वरच्या अंगाला रस्ते चढाचे, आणि फरसबंदी पाटीच्या दगडाच्या पातळ चिपा उभ्या रोवून केलेली. पावलांना पकड मिळावी म्हणून ती केली असली तरी पातळ तळव्याच्या बुटांना टोचते. मात्र किनाऱ्याने अर्धं गाव जवळजवळ सपाट चालता येतं. संध्याकाळी आई तिथे एकटी फिरून येई, वेर्नात्सात तिला ते जमलं नव्हतं. दालीचं घर असलेलं पोर्त यिगात वीस मिनिटांच्या चालीवर, घराचं तिकीट आधीच काढावं लागतं. दीपगृह सात किलोमीटर, दोन-अडीच तास. वाट फारशी चढाची नाही, पण सावली नाही आणि मध्ये पाणीही नाही. माणशी दोन लिटर घ्या. चालणं नको असेल तर टॅक्सी जाते. उन्हाळ्यात त्या रस्त्यावर खासगी गाड्यांना निर्बंध असतात.

पाणी, पोहणं, खाणं

भरती-ओहोटी दोन्हीकडे जेमतेम वीतभर. मुंबईला मोठ्या उधाणाला साडेचार मीटरच्या वर पाणी चढतं हे डोळ्यांपुढे असलं की हा समुद्र थांबल्यासारखा वाटतो. ओहोटीला उघडी पडणारी पुळण नाही, खेकडे नाहीत, शिंपल्या वेचणं नाही. मुलांना वाळूत खेळायचं असेल तर दोन्ही गावं चुकीची. वेर्नात्साला राहून गाडीने मोंतेरोस्सोला जा, तिथे वाळू आहे. कादाकेसहून बसने रोझेसला.

पोहता येत असेल तर मात्र कादाकेस. भूशिराच्या कडेने लहान लहान कोपऱ्यांत पाणी काचेसारखं, आणि खाली पोसिडोनियाची कुरणं. हे शेवाळ नव्हे, फुलं येणारं समुद्री गवत आहे. किनाऱ्यावर त्याच्या तपकिरी पात्यांचे ढीग दिसले तर घाण समजू नका, ते किनारा धुपू देत नाहीत. पाणी थंड असतं, त्रामुंतानानंतर तर अंगावर काटा येतो.

शाकाहाऱ्यांची सोय वेर्नात्सात जास्त चांगली. तुळशीच्या जातीच्या पानांची पेस्तो चटणी, फोकाच्या नावाचा पाव आणि फारिनाता, म्हणजे चण्याच्या पिठाचं भट्टीत भाजलेलं जाड धिरडं. पेस्तोत चीज असतं, ते चालत नसेल तर विचारून घ्या. कादाकेसला पावावर टोमॅटो चोळून ऑलिव्ह तेल घातलेलं मिळतं, पुढे बहुतेक मासेच. मासे खाणाऱ्यांची दोन्हीकडे चंगळ.

गर्दी

वेर्नात्साची खरी अडचण ही. दहा ते पाच या वेळात गाड्यांमधून माणसं ओतली जातात, हजारभरही वस्ती नसलेल्या गावात चौकात पाय ठेवायला जागा उरत नाही. मुक्काम केला तर सकाळी आठच्या आत आणि संध्याकाळी सहानंतर गाव तुमचं. दिवसाच्या सहलीत वेर्नात्सा बघायचा विचार असेल तर सरळ सोडून द्या. कादाकेसला घाट असल्यामुळे गर्दी बेताची राहते, ऑगस्ट आणि शनिवार-रविवार सोडून.

माझं मत

आई-वडील बरोबर आहेत आणि पायऱ्या झेपत नाहीत, तर कादाकेस, पण वाऱ्याची तयारी ठेवून. दगड, पक्षी, पोहणं, चित्रकला यांतलं काहीही आवडत असेल, किंवा गर्दीने जीव गुदमरत असेल, तरी कादाकेसच. गाडी न चालवता, बॅगा ओढत, थोड्या दिवसांत जास्त बघायचं असेल तर वेर्नात्सा. पाचही गावं रेल्वेने हाताशी आहेत.

आणि तुमच्या घरी शेती असेल, बांध घालणं आणि गडगा रचणं तुम्ही लहानपणी पाहिलं असेल, तर बाकी सगळं विसरा आणि वेर्नात्साला जा. मी पुढच्या एप्रिलमध्ये परत तिथेच जाते आहे, या वेळी स्टेशनाजवळची, बारा पायऱ्यांची खोली घेतली आहे. प्रेव्होच्या अलीकडचं ते खिंडार बुजलं असेलच. त्याच्या शेजारच्या, पोट निघालेल्या गडग्याचं काय झालं ते येताना बघून ये, असं आईने बजावलं आहे.